दिवाळी ते शिमगा: आपल्या सभागृहातले सिनेमे आणि प्रयोग (कच्चा आराखडा, सूचना हव्यात)

तिसरी घंटा (धागाकर्ता)

मंडळी, दिवाळीनंतरच्या हंगामाचा कच्चा आराखडा मांडतोय. पत्रकं छापायला टाकण्याआधी मनसोक्त चिरफाड करा.

बाहेरच्या सभासदांसाठी जागेची माहिती. दक्षिण कोकणातलं तालुक्याचं गाव. खुर्च्या २२०, पुढच्या नऊ रांगा सपाट जमिनीवर, मागच्या पाच पायऱ्यांवर. मंच २८ फूट रुंद, २० फूट खोल, ३ फूट उंच. गुंडाळीचा पडदा १६ बाय ९ फूट. प्रोजेक्टर ५००० ल्युमेनचा, लॅम्पवाला. स्पीकर डावा, मधला, उजवा आणि एक सबवूफर, सराउंड नाहीत. दिव्यांमध्ये हजार वॉटचे बारा पार (मंचावर झोत टाकणारे दिवे) आणि सहा एलईडी पार. छप्पर पत्र्याचं, म्हणून पावसाळ्यात काही नाही.

महिन्यातले एक-दोन शनिवार धरलेत. सुरुवात 'संत तुकाराम' (१९३६) ने, मग दशावतार (रात्रभर नव्हे, अडीच तासांचा), त्यानंतर 'मंथन' ची नवी पुनरुज्जीवित प्रत, जी २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या क्लासिक्स विभागात दाखवली गेली. पुढे पुण्याच्या एका प्रायोगिक संस्थेचा दीर्घांक, एक इराणी चित्रपट आणि त्यावर चर्चा, शास्त्रीय गायनाची मैफल, आणि शेवटच्या शनिवारी दुपारी माहितीपट व रात्री स्थानिक एकांकिका.

अडलंय ते तीन ठिकाणी. सिनेमा आणि नाटक एकाच दिवशी लावावं का? फाइल कुठल्या स्वरूपात मागवायची? आणि कागदपत्रं कुठली?

चौकट

पडद्यापासून सुरू करतो, कारण पुढचं बरंच त्यावर ठरतं.

१६ बाय ९ म्हणजे १४४ चौरस फूट. ५००० ल्युमेन भागिले १४४ म्हणजे कागदावर साधारण ३५ फूट-लँबर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप). चित्रपटगृहाचं प्रमाण १४ आहे, त्यामुळे भरपूर वाटतं. पण ५००० हा आकडा प्रोजेक्टरच्या सर्वात भडक मोडचा असतो, त्यात पांढरा हिरवट दिसतो. सिनेमा मोडवर घेतलात की तिसरा हिस्सा गेला, उरले २२-२३. लॅम्प आयुष्याच्या शेवटाला आला की प्रकाश निम्म्यावर येतो, म्हणजे ११. तेव्हा मेनूमध्ये लॅम्पचे तास किती झालेत ते आजच बघा आणि दोन हजारांच्या पुढे असतील तर 'संत तुकाराम' आधी नवा बसवा. कृष्णधवल सिनेमात प्रकाश कमी पडला की करडे सगळे एकत्र गोळा होतात. रंगीत सिनेमा निदान रंगांवर तरून जातो.

आता चौकटीचं माप. 'संत तुकाराम' जुन्या १.३७ मापाचा. तुमच्या पडद्यावर ९ फूट उंचीला तो १२ फूट ४ इंच रुंद बसेल आणि दोन्ही बाजूंना पावणेदोन-दोन फूट रिकामे राहतील. ते रिकामे पट्टे काळे नसतात, करडे असतात, कारण प्रोजेक्टरचा काळा हा खरा काळा नसतो. दोन्ही बाजूंना काळं कापड सोडा. मखमल किंवा फेल्ट घ्या, सॅटिन चकाकतं. मात्र कापड आधी शिवून ठेवू नका. फाइल डीसीपी (चित्रपटगृहांना पाठवतात ती डिजिटल प्रत) असेल आणि तुम्ही ती संगणकावरून दाखवणार असाल तर १९९८ पिक्सेलची चौकट १९२० मध्ये बसवताना चित्र थोडं आक्रसतं: रुंदी सुमारे ११ फूट १० इंच, उंची ८ फूट ८ इंच. प्रत्यक्ष फाइल लावून, फूटपट्टी घेऊन पडद्यापाशी उभं राहून मापं घ्यायची.

आणि कृपा करून कुणालाही 'पडदा भरत नाही' म्हणून चित्र ताणू किंवा कापू देऊ नका. १.३७ चं चित्र १६:९ मध्ये भरलं की वरून-खालून जवळजवळ चौथा हिस्सा जातो. डोकी उडतात.

प्रोजेक्टर कुठे टांगलाय? दीड ते दोन थ्रोची (अंतर भागिले चित्राची रुंदी) लेन्स असेल तर १६ फुटांच्या पडद्याला तो २४ ते ३२ फुटांवर हवा, म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यावरच आला.

तिसरी घंटा

हो, सातव्या रांगेच्या वर, साधारण २८ फुटांवर. लॅम्पचे तास २६०० आहेत. बदलायला सांगतो.

चौकट

मग त्याला मूळ ब्रॅकेटशिवाय वेगळी लोखंडी तार छताच्या कैचीला बांधलेली आहे ना, तेवढं पाहा. फॉल्स सीलिंगच्या पट्टीला बांधलेली तार काही कामाची नाही. आणि कीस्टोन (तिरपं चित्र मेनूतून सरळ करायची सोय) शून्यावर ठेवा. चित्र सरळ करायचं ते लेन्स शिफ्टने किंवा ब्रॅकेटने. कीस्टोन म्हणजे प्रत्येक पिक्सेल नव्याने घोटणं, सबटायटलच्या कडा लगेच लोकरीसारख्या दिसतात.

गुंडाळी

फाइलबद्दल.

वितरक विचारतील, "डीसीपी चालेल का?" तर उत्तर एका वाक्यात द्या: "कुलूप नसलेला डीसीपी चालेल, नाहीतर १०८० ची प्रोरेझ किंवा एच.२६४ फाइल, २४ फ्रेम्स." कुलूपवाल्या डीसीपीला किल्ली लागते, ती केडीएम. ती किल्ली विशिष्ट सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर आणि ठरावीक वेळेपुरतीच निघते. तुमच्याकडे तसा सर्व्हर नाही. डीसीपी-ओ-मॅटिकचा प्लेअर फुकट मिळतो आणि त्याच्या प्रमाणपत्रावर किल्ली काढता येते, पण वितरक सहसा राजी होत नाहीत, त्या भरवशावर राहू नका.

बाहेरून सर्व्हर भाड्याने आणलात तर किल्लीची वेळ शुक्रवार दुपार ते रविवार दुपार अशी मागा. शनिवारी संध्याकाळी ६ ते ९ एवढीच मागितली तर तालीमच होत नाही. आणि आलेल्या किल्लीतली वेळ भारतीय आहे की ग्रीनिचची ते वाचा. साडेपाच तासांचा घोळ हा इथला नेहमीचा प्रकार आहे.

डीसीपीची डिस्क बहुतेकदा लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. विंडोजच्या संगणकाला लावली की तो विचारतो, "डिस्क फॉरमॅट करायची का?" करायची नाही. रद्द करायचं, आणि लिनक्सवर किंवा योग्य ड्रायव्हर टाकून उघडायची. आकाराचा अंदाज: कमाल बिटरेट २५० मेगाबिट धरला तर दोन तासांचा सिनेमा २२५ जीबीपर्यंत जातो. कॉपी करायलाच अर्धा दिवस धरा, आणि चालवायचं ते नेहमी आतल्या एसएसडीवरून, बाहेरच्या डिस्कवरून नाही.

संगणक मध्यम असेल तर डीसीपी थेट चालवताना अडखळतो, कारण प्रत्येक फ्रेम स्वतंत्र जेपीईजी २००० असते. अशा वेळी वितरकाची परवानगी घेऊन एच.२६४ करून ठेवणं सोपं. फक्त रंगांवर लक्ष: डीसीपीचे रंग एक्सवायझेड पद्धतीत असतात, रूपांतर न करता साध्या प्लेअरमध्ये टाकले तर चेहरे आजारी दिसतात.

पेन ड्राइव्हवर मोठी फाइल जात नसेल तर तो फॅट३२ आहे, चार जीबीच्या वर एक फाइल घेत नाही. एक्सफॅट करा.

शेवटचं, आणि हे सगळ्यात जास्त विसरलं जातं: संगणकाचं आउटपुट २४ हर्ट्झवर लावा. ६० वर ठेवलं की कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा चित्र धक्के खातं आणि सगळे प्रोजेक्टरला दोष देतात.

कानोसा

गुंडाळी यांच्या यादीत आवाज राहिला.

पहिली चाचणी संवादांची. ५.१ च्या (सहा चॅनेलच्या) फाइलमध्ये संवाद जवळजवळ सगळे मधल्या चॅनेलवर असतात. संगणकातून फक्त दोन चॅनेल बाहेर काढले आणि प्लेअरने नीट मिसळले नाहीत तर पाऊस, गाड्या, पार्श्वसंगीत सगळं ऐकू येतं आणि माणसं नुसती तोंडं हलवतात. तुमच्याकडे मधला स्पीकर आहे, मग सहा चॅनेलचं आउटपुट देणारं साउंड कार्ड घ्या आणि मधला चॅनेल त्यालाच द्या. दोनवरच भागवायचं असेल तर मधला चॅनेल ३ डेसिबल उतरवून डाव्या-उजव्यात मिसळा. मागचे दोन सराउंड असेच उतरवून बाजूंना द्या, नाहीतर त्यातलं संगीत गायब.

मधला स्पीकर पडद्यामागे ठेवायचा तर पडद्याला भोकं हवीत. गुंडाळीच्या पडद्याला बहुधा नसतात. मग तो पडद्याच्या खाली, मंचावर, थोडा वर तोंड करून ठेवा. वर टांगला तर आवाज कपाळातून आल्यासारखा वाटतो.

'संत तुकाराम' एकमार्गी ध्वनीचा आहे. तो फक्त मधल्या स्पीकरला द्या. तिन्ही स्पीकरांना दिला की कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला तुकोबा डाव्या भिंतीतून बोलतात. त्या काळच्या ध्वनिपट्टीत ८ किलोहर्ट्झच्या वर कामाचं काही नसतं, खरखर असते. तिथून वर हळूहळू उतार द्या. पण आधी ऐका. पुनरुज्जीवित प्रतीत ही सफाई आधीच केलेली असेल तर दुसऱ्यांदा केल्याने अभंग बोळ्यातून आल्यासारखे ऐकू येतील.

ओठ आणि आवाज जुळवायचं ते मधल्या रांगेत बसून. प्रोजेक्टर चित्राला एक-दोन फ्रेम उशीर लावतो, त्यामुळे आवाज आधी येतो. एक फ्रेम म्हणजे ४२ मिलिसेकंद. टाळीची चाचणी-फाइल लावून तेवढा उशीर आवाजाला द्या.

पातळी रिकाम्या सभागृहात ठरवली असेल तर २०० माणसं बसल्यावर थोडी वाढवावी लागते, कपडे आवाज पितात. चित्रपटगृहातली ८५ डेसिबलची पातळी एवढ्या लहान जागेत अंगावर येते. मी तरी ५-६ डेसिबल खालीच ठेवीन.

फ्यूजवायर

बारा पार एकदम पेटवणार असाल तर १२ किलोवॉट, म्हणजे २३० व्होल्टवर ५२ अँपिअर. एका फेजवर टाकू नका. तीन फेजांवर चार-चार वाटा, प्रत्येकी साडेसतरा अँपिअर. संगणक, प्रोजेक्टर, मिक्सर, अँप्लिफायर हे सगळं एकाच फेजवर आणि एकाच अर्थिंगवर, आणि त्या फेजवर दिवे सर्वात कमी. डिमर ५० टक्क्यांवर असताना स्पीकरात जो गुरगुराट येतो तो इथून येतो. उपाय म्हणून कुणी अर्थची पिन कापली तर त्याचा हात धरा. डीआय बॉक्स (आवाजाच्या वायरीत मधे लावायची, गुरगुराट तोडणारी डबी) लावायचा, पिन कापायची नाही.

न्यूट्रलची वायर फेजच्या जाडीचीच हवी, बारीक चालणार नाही. डिमरच्या दिव्यांमुळे तिन्ही फेजांचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाहीत, जमा होतात. मंडपवाल्याच्या पेटीत न्यूट्रलचा स्क्रू ढिला निघणं हे नित्याचंच. खूण अशी: एका बाजूचे दिवे अचानक मंद, दुसऱ्या बाजूचे भगभगीत. दिसलं की त्या क्षणी मेन बंद. न्यूट्रल तुटल्यावर एका फेजवर ३०० च्या वर व्होल्ट जाऊ शकतात. प्रोजेक्टर आणि मिक्सर दोन्ही गेलेच.

जनरेटर: दिवे १२, आवाज ३, प्रोजेक्टर-संगणक १, पंखे ३, झाले १९ किलोवॉट. ०.८ ने भागा, २४ केव्हीए. तीसच्या खालचा घेऊ नका. चेंजओव्हर (मेनवरून जनरेटरवर नेणारा स्विच) चार पोलचा, न्यूट्रलसकट बदलणारा.

प्रोजेक्टर आणि संगणकाला एक केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस द्या. लॅम्पवाल्या प्रोजेक्टरची वीज तडक गेली की पंखाही थांबतो, लॅम्प गरमच राहतो आणि थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. पाच मिनिटं अंधारात बसलेले लोक चहाला जातात ते परत येत नाहीत. अँप्लिफायर मात्र यूपीएसवर नको.

पायपेटी

दशावतार घेतलात, बरां झालां. पण तारीख कशी ठरवलीत? शनिवार बघून?

कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि मंडळं रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात असतात. जत्रा तिथीवर, तुमचा कार्यक्रम वारावर. आधी मंडळाच्या मॅनेजरकडे त्यांच्या जत्रांची यादी मागा, मग पंचांग काढून बसा. दुसरं असं की आजूबाजूच्या पाच-सात किलोमीटरमध्ये त्याच रात्री मोठी जत्रा असेल तर तुमचा प्रेक्षक तिकडे, मंडपवाला तिकडे आणि जनरेटरही तिकडे. दुपारी चारचा प्रयोग मागितलात तर मंडळ रात्रीच्या जत्रेला मोकळं राहतं आणि होकार मिळण्याची शक्यता वाढते.

अडीच तासांत बसवायचं म्हणजे काय गाळायचं ते आधीच बोलून घ्या. पूर्वरंग, म्हणजे आड दशावतार (गणपती, सरस्वती, संकासुर), पूर्ण घेतला तर आख्यानाला वेळ उरत नाही. संकासुर गाळू नका, नव्या प्रेक्षकाला तोच आवडतो. संवाद जागच्या जागी रचले जातात, लिहिलेली संहिता नसते, त्यामुळे "दहा मिनिटांनी आटपा" असं विंगेतून खुणावलं तर चालतं. "या वाक्यानंतर ब्लॅकआउट" असं मात्र सांगता येत नाही. तेव्हा दिव्यांचे क्यू ठेवू नका. समोरून सपाट, उबदार, भरपूर उजेड. जरीचे कपडे आणि रंगवलेले चेहरे त्यातच खुलतात. नट कुठून येईल आणि कुठे थांबेल याचा नेम नसतो, अरुंद स्पॉट लावलात तर राजा अंधारात आणि उजेड रिकाम्या फळीवर.

मायक्रोफोन: प्रत्येकाच्या अंगावर लावायच्या फंदात पडू नका. मुकुट, गळ्यातल्या माळा आणि गिरक्या यांत टिकत नाहीत. मंचाच्या कडेला जमिनीवर तीन बाउंडरी माइक, गाणाऱ्या नाईकाला एक, पायपेटीला एक. पखवाजाला बहुतेक लागतच नाही. जमिनीवरच्या माइकना १२० हर्ट्झखालचं कापा, नाहीतर युद्धनृत्यात लाकडी मंचावरची प्रत्येक थाप सबवूफरातून येईल. सबवूफर त्या दिवशी बंदच ठेवलात तर उत्तम.

मेकअपला आरशासमोरच्या उंच खुर्च्या नकोत. मंडळी जमिनीवर बसून स्वतःच रंगतात. सतरंज्या, चांगला उजेड, पाणी आणि पेटारे ठेवायला कोरडी जागा. झालं.

कानोसा

पायपेटी यांच्याशी सहमत, फक्त बाउंडरी माइक तीन नको, दोनच. तीन झाले की एकाच नटाचा आवाज तिन्हीकडून पुढेमागे येतो आणि पोकळ ऐकू येतो.

पायपेटी

२८ फुटांच्या मंचाला दोन म्हणजे मधे खड्डा पडणार. तीन ठेवा, पण मिक्सरवर माणूस बसवा आणि ज्याच्या जवळ बोलणं चाललंय तोच उघडा ठेवायला सांगा.

कानोसा

माणूस असेल तर चालेल.

परवानगी

कागदपत्रं. थोडं रुक्ष आहे, पण आयत्या वेळी पळापळ याचीच होते.

सिनेमासाठी दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, दाखवण्याचा हक्क, तो निर्माता किंवा वितरकाकडून लेखी. पत्रात तारीख, जागा, खेळांची संख्या, खुर्च्यांची संख्या आणि तिकीट आहे की मोफत, हे सगळं असू द्या. दोन, सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत. प्रमाणपत्र नसलेला परदेशी चित्रपट असेल तर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनचे (स्थापना १९५९) सभासद असाल तर तिथून मार्ग विचारा, पण तो सभासदांपुरत्या खेळांचा. खिडकीवर तिकीट विकून नाही. इराणी चित्रपट ठरवण्याआधी हे मिटवा. ओटीटीच्या वर्गणीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही; ती वर्गणी घरगुती वापराची असते.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए चे तीन पोटभाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. पत्रकावर नेमका तोच छापा.

'संत तुकाराम' बद्दल कुणीतरी म्हणेलच की जुना आहे, हक्क संपले. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, त्या हिशेबाने १९९६ अखेर संपला, बरोबर. पण चांगली प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांच्या अटी असतातच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून प्रत घेणार असाल तर पत्रव्यवहार दोन महिने आधी सुरू करा. कुठून तरी उतरवलेली प्रत १६ फुटांवर लावली तर चौकट यांचं सगळं गणित पाण्यात.

नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि लेखकाचं परवानगीपत्र. पुण्याच्या संस्थेकडे दोन्ही असेल, प्रत मागून ठेवा. एकांकिकेवाल्या स्थानिक मुलांकडे असेलच असं नाही, त्यांना आजच सांगा. मैफलीआधी आणि मध्यंतरात रेकॉर्डवरची गाणी लावायची सवय असेल तर त्याचाही परवाना लागतो. सरळ शांतता ठेवा, बिघडत नाही.

जागेचा सार्वजनिक करमणुकीचा परवाना सिनेमा आणि नाटक दोन्हींसाठी आहे का, ते तपासा. कायदे वेगळे आहेत. आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी. बंदिस्त सभागृहाला सूट आहे, पण खिडक्या उघड्या ठेवून बंदिस्त म्हणता येत नाही.

तिकीट: नाटक, नृत्य, संगीत यांच्या माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशाला जीएसटीची माफी आहे. सिनेमाचं तिकीट त्यात बसत नाही. म्हणून हंगामाचा एकत्र पास काढणार असाल तर सीएला विचारून हिशेब वेगळा ठेवा.

बुकिंग खिडकी

कार्तिकी एकादशीच्या आसपासचा शनिवार 'संत तुकाराम' ला घेऊ नका. जे आवर्जून येतील ते पंढरपुरात असतील.

खुर्च्यांच्या प्लॅनबद्दल. सिनेमाला आणि नाटकाला एकच प्लॅन वापरू नका. सिनेमाला पुढच्या दोन रांगा विकू नका. पडदा मंचाच्या पुढच्या भागात सोडला तर पहिली रांग त्याच्यापासून जेमतेम दहा फुटांवर येते, मान मोडते. पहिली रांग पडद्याच्या रुंदीएवढी तरी लांब हवी. नाटकाला त्याच दोन रांगा सगळ्यात आधी जातात. मैफलीला पुढे गादी घालून ४० माणसं खाली बसवा, खुर्च्यांची पहिली रांग तिसऱ्यापासून.

पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांच्या खाली येता कामा नये. सपाट जमिनीवरच्या नऊ रांगांना सबटायटल पुढच्याच्या डोक्यामागे जातात. 'संत तुकाराम' ला चालून जाईल. इराणी सिनेमाला लोक उठून जातील.

गुंडाळी

इराणी सिनेमाला मराठी सबटायटल करणार आहात का? मूळ हक्कधारकाची परवानगी मिळाली तर करा, फरक पडतो. दोन ओळी, एका ओळीत ३५ ते ४० अक्षरं, पडद्यावर कमीत कमी एक सेकंद, जास्तीत जास्त सहा. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतील. भाड्याच्या सर्व्हरवर दाखवायचं असेल तर देवनागरी अक्षररूपात देऊ नका, चित्ररूपात द्या किंवा चित्रातच छापून टाका. बऱ्याच सर्व्हरना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. 'प्रश्न' चा 'प्‌रश्‌न' होतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते.

तिसरी घंटा

भरपूर मिळालं. लॅम्प, यूपीएस आणि साउंड कार्ड यांची मागणी आज टाकली. शेवटच्या शनिवारचं सांगा: दुपारी माहितीपट, रात्री एकांकिका, जमेल का?

विंगेतून

जमेल, पण क्रम तोच ठेवायचा: आधी सिनेमा, मग नाटक. उलटं कधीच नाही. एकांकिकेत धूर वापरला तर तो दीड-दोन तास छताखाली तरंगत राहतो आणि प्रोजेक्टरचा झोत दिसू लागतो, चित्राचा काळा उडतो. धुराचा चिकट थर लेन्सवर बसतो ते वेगळंच.

सिनेमाचा पडदा दर्शनी पडद्याच्या लगेच मागच्या बॅटनवर (टांगायच्या आडव्या दांडीवर) घ्या. मग नेपथ्य त्याच्या मागे लावून ठेवता येतं. सकाळी ८ ला नेपथ्य, १० ते १ दिव्यांचं फोकसिंग, १ ला शिड्या बाहेर. २ ला सिनेमाची पाच मिनिटांची चाचणी, ३ ला खेळ. साडेचारला पडदा गुंडाळा, मधला स्पीकर विंगेत, ५ ते ६ एकांकिकेची तांत्रिक तालीम, ७ ला प्रयोग. एकांकिका एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांना एकच दिव्यांची मांडणी द्या, प्रत्येकाने आपापल्या पारची तोंडं फिरवायची नाहीत. खिडक्यांना काळं कापड सकाळीच लावा, दुपारच्या खेळाला वरच्या झरोक्यांतून ऊन थेट पडद्यावर येतं.

पुण्याच्या दीर्घांकाच्या दिवशी मात्र दुसरं काहीही ठेवू नका. बाहेरून येणाऱ्या संस्थेला नवं सभागृह समजायलाच तास-दोन तास लागतात. मंचाचं माप, विंगांची संख्या, बॅटनची उंची, दिव्यांची यादी आणि फोटो त्यांना पंधरा दिवस आधी पाठवा. विंगेत उभं राहायला जागा किती, हेही लिहा. मंच २८ फूट म्हणजे दोन्ही विंगा धरून की सोडून?

तिसरी घंटा

धरून. मोकळा २२.

विंगेतून

हे आधी कळवा. दोन्ही विंगांच्या मिळून सहा फुटांत घराचं अख्खं नेपथ्य बसत नाही.

पायपेटी

मैफलीबद्दल कुणीच बोललं नाही. १२ बाय ८ चा चौथरा, दीड फूट उंच, वर गादी आणि पांढरी चादर. हजार वॉटचे बारा पार गायकावर टाकू नका, तापून तानपुरा उतरतो आणि तबला चढतो. सहा एलईडी पुरे. दिवे आणि पंखे तासभर आधी जसे राहणार तसे चालू करा, त्याच हवेत वाद्यं लावू द्या. गायकाला एक माइक, पेटीला एक, तबल्याला दोन, तानपुऱ्याला गरज वाटली तर एक. रिव्हर्ब नाममात्र. पत्र्याचं सभागृह आहे, स्वतःचा रिव्हर्ब घेऊनच आलंय.

बुकिंग खिडकी

सात कार्यक्रम, पाच महिने. तरी मी म्हणेन इराणी सिनेमा परवानगी हातात येईपर्यंत छापू नका. 'जाहीर लवकरच' लिहा.

तिसरी घंटा

मान्य. दशावतारासाठी मॅनेजरांशी बोलणं झालं, मार्गशीर्षातला एक शनिवार दुपारी चारला मिळतोय. त्यांनी एकच मागितलं, बाक. सभागृहातलं लोखंडी, रेक्झिनचं चालेल ना?

पायपेटी

नाही. लाकडी, सव्वा ते दीड फूट उंच, चार फूट तरी लांब, पाठ नसलेलं. ते सिंहासन असतं, रथ असतो, डोंगर असतो, आणि युद्धात त्यावर उडी मारून दोन माणसं उभी राहतात. चारी पाय जमिनीला टेकतात का बघा. हलत असेल तर आडव्या पट्ट्या स्क्रूने आवळून घ्या, खिळे ठोकू नका. खिळा वर आला की सोवळ्याची जर त्यात अडकते.